देवमाशाचं वजन नेमकं किती? आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत

"मॅडम, यातलं खरं कोणतं जी?" सातवीतल्या एका मुलाने दोन पुस्तकं माझ्यापुढे उघडून धरली होती. निळ्या देवमाशाचं वजन एकात 100 टन लिहिलेलं, दुसऱ्यात 200 टन. मी नागपुरात शाळेत विज्ञान शिकवते. समुद्र आमच्यापासून कुठल्याही दिशेने शेकडो किलोमीटर लांब, त्यामुळे वर्गातल्या बहुतेक मुलांनी देवमासा चित्रातच पाहिलेला. पण प्रश्न अगदी नेमका होता. एकाच प्राण्याच्या वजनात दुपटीचा फरक पडतोच कसा? दोनपैकी एक पुस्तक चुकलं असणार असं मुलांना वाटणं साहजिक आहे. खरं म्हणजे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. ते कसे, हे उलगडताना देवमाशांबद्दलच बरंच काही हाती लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर देऊन टाकते. पूर्ण वाढलेला निळा देवमासा साधारण 100 ते 150 टनांचा असतो. आजवर नोंदवलेली सगळ्यात वजनदार मादी 20 मार्च 1947 रोजी अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात मारली गेली. तिची लांबी 27.6 मीटर आणि वजन 190 टन. कोराडी, खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडे कोळसा नेणाऱ्या मालगाड्या फाटकावर ताटकळत आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. त्यातला एक काठोकाठ भरलेला डबा, लोखंडासकट, फार तर 90 टनांच्या आसपास भरतो. असे दोन डबे आणि वर आणखी दहा टन, एवढी ती एकटी मादी होती.

ती तारीख लक्षात ठेवा. मार्चचा शेवटचा पंधरवडा. पुढे तिचं काम पडणार आहे.

काट्यावर न चढणारा प्राणी

कोळशाचा डबा रुळातल्या वजनकाट्यावरून पुढे सरकला की आकडा मिळतो, वाद उरत नाही. मोठ्या देवमाशाच्या बाबतीत असं कधीच झालेलं नाही. मत्स्यालयांत ठेवलेल्या ऑर्का किंवा बेलुगासारख्या लहान जातींचं जिवंतपणी वजन घेता आलं आहे, पण जिवंत निळा देवमासा आजवर कोणी काट्यावर घेतलेला नाही, घेता येण्यासारखाही नाही.

मग 190 टन आले कुठून? उत्तर ऐकायला बरं वाटत नाही. ते शिकारीच्या जहाजांवरून आले. पूर्वी मारलेला देवमासा जहाजाला बाजूने बांधून पाण्यातच सोलावा लागे. 1925 मध्ये लान्सिंग नावाच्या नॉर्वेच्या जहाजाला मागच्या बाजूने उतार बसवला आणि त्यावरून अख्खा देवमासा डेकवर ओढून घेता येऊ लागला. तरंगता कारखानाच तो. डेकवर लांब दांड्याच्या सुऱ्यांनी चरबीचे पट्टे सोलायचे, मांस वेगळं करायचं, हाडं करवतीने कापायची आणि सगळं उकळून तेल काढायचं. काही मोजक्या वेळा, या कापलेल्या तुकड्यांचं एकेक करून वजन घेतलं गेलं आणि बेरीज मांडली गेली. या प्रकारात रक्त आणि शरीरातलं पाणी डेकवरून वाहून समुद्रात जातं. ते काट्यावर येतच नाही. त्यासाठी अंदाजाने काही टक्के वर धरावे लागतात. म्हणजे सगळ्यात भरवशाचं म्हणता येईल असं वजनसुद्धा काही मोजलेलं, काही धरलेलं असतं.

आणि अशी वजनं आहेत तरी किती? विसाव्या शतकात माणसाने सुमारे 29 लाख देवमासे मारले. त्यांपैकी तुकड्या-तुकड्याने पूर्ण वजन केलेले फारच थोडे. तेलाचे पिंप मोजण्यात सगळ्यांना रस होता, प्राणी मोजण्यात नव्हता. शिकारीचा कोटासुद्धा त्याच हिशोबाने ठरायचा. त्याला निळा देवमासा एकक म्हणत. एका निळ्या देवमाशाबरोबर दोन फिन व्हेल, किंवा अडीच हंपबॅक, किंवा सहा सेई व्हेल, या देवमाशांच्याच दुसऱ्या जाती. इतक्यांपासून सारखंच तेल निघतं, म्हणून हे समीकरण. दुसऱ्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने अंटार्क्टिकासाठी वर्षाला अशी 16,000 एककं मंजूर केली होती. कोट्यात जात महत्त्वाची नव्हतीच. एक निळा मारला की सहा सेईंच्या मागे धावण्याचं डिझेल आणि दिवस वाचत, म्हणून निळ्याचाच पिच्छा पुरवला गेला. 1966 मध्ये त्याला संरक्षण मिळालं तोवर अंटार्क्टिकातले निळे देवमासे मूळ संख्येच्या एक टक्क्याहूनही कमी उरले होते. मुलांना हे सांगताना मला दरवेळी जड जातं, पण सांगते. आपल्या पुस्तकांतले आकडे ज्या डेकवर लिहिले गेले, ते ठिकाण त्यांना ठाऊक असायला हवं.

आकड्यांच्या गोंधळात एक भर टन या मापाचीही आहे. आपला टन 1,000 किलोचा. अमेरिकेत चालणारा टन 907 किलोचा आणि जुना इंग्रजी टन 1,016 किलोचा. म्हणजे अमेरिकी पुस्तकातले 200 टन आपल्याकडे 181 टन होतात. भाषांतर करताना आकडा तसाच उचलला की जवळजवळ वीस टनांचा प्राणी हवेतून तयार होतो. इंटरनेटवरच्या मराठी मजकुरात हे सर्रास झालेलं दिसतं.

लांबीवरून वजन

वजन घेता येत नाही, पण लांबी मोजता येते. किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाला टेप लावता येतो, जहाजावरून किंवा विमानातून फोटो काढून लांबी काढता येते. म्हणून शास्त्रज्ञांनी तुकड्यांची जी थोडी वजनं हाती होती ती लांबीशी जोडली आणि सूत्रं बसवली. 1976 मध्ये क्रिस्टिना लॉकियर या ब्रिटिश संशोधिकेने मोठ्या देवमाशांसाठी अशी सूत्रं एकत्र मांडली. आजही त्यांचा आधार घेतला जातो.

सूत्राच्या मुळाशी असलेली गोष्ट आठवीच्या गणितातली आहे. शरीराचा आकार तोच ठेवून लांबी दुप्पट केली, तर रुंदीही दुप्पट होते आणि जाडीही. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे वजन आठपट. हे एकदा पटलं की देवमाशांचे आकडे अंगावर येत नाहीत. 25 मीटरचा निळा देवमासा सुमारे 100 टनांचा असतो, एवढं एकच लक्षात ठेवा. बाकीचे हिशोब वहीच्या कोपऱ्यात करता येतात.

करून पाहू. जून 2015 मध्ये अलिबागजवळ रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक निळा देवमासा जिवंत लागला होता आणि नंतर तिथेच मेला. लांबी 42 फूट, म्हणजे 12.8 मीटर. 25 मीटरच्या अर्ध्याहून किंचित जास्त. 12.8 ला 25 ने भागलं की 0.512 येतात. त्याचा घन 0.134. म्हणजे 100 टनांच्या मानाने तो सुमारे 13 टनांचा असावा. निळ्याच्या मानाने हे पोर होतं. अशा वेळी वर्तमानपत्रांत जी वजनं येतात ती बहुतेक डोळ्यांच्या अंदाजाने सांगितलेली असतात. एवढं मोठं धूड समोर पडलेलं असताना माणसाची नजर वाढवूनच सांगते. लांबी दिलेली असेल तर हा घनाचा हिशोब करून बघावा, अंदाज कितपत धरायचा ते लगेच कळतं.

आता 1947 ची मादी घ्या. 27.6 ला 25 ने भागा, घन करा, 100 ने गुणा. उत्तर येतं साधारण 135 टन. आणि प्रत्यक्षात ती भरली 190. सूत्राहून तब्बल 55 टन जास्त! मोजण्यात काही चूक झाली असेल, नसेल, पण एवढ्या फरकाचं मोठं कारण वेगळं आहे आणि ते ऋतूत दडलेलं आहे. त्याच्याकडे येण्याआधी बाकीच्या जाती बघून घेऊ, कारण घनाचा हा नियम एका जातीच्या आतच नीट चालतो. जात बदलली की अंगलोट बदलते.

फिन व्हेल हा लांबीत दुसऱ्या नंबरचा. उत्तर गोलार्धात 20 मीटरच्या आसपास, दक्षिणेत 25 मीटरपर्यंतही. पण सडपातळ, पोहण्यात चपळ. 20 मीटरचा फिन 45-50 टनांचा असतो आणि मोठ्यातले मोठे 70-80 टनांपर्यंत जातात. त्याच्या शेजारी राइट व्हेल ठेवा. हा जेमतेम 15-16 मीटरचा, तरी 50-60 टन सहज भरतो. पिंपासारखं गोल अंग, वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास नुसती चरबी. मेल्यावर बुडत नाही, तरंगतो. हळू पोहायचा, किनाऱ्याजवळ यायचा, मेल्यावर तरंगायचा, म्हणून शिडाच्या जहाजांच्या काळापासून त्याचीच शिकार सगळ्यात आधी झाली. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फातला बोहेड व्हेल याचाच भाऊबंद. लांबी 15 ते 18 मीटर, वजन 75 ते 100 टन. त्याच्या कातडीखाली चरबीचा थर अर्धा मीटर जाड भरू शकतो. बर्फात राहतो, दोनशे वर्षांहून जास्त जगू शकतो आणि लांबीत फिनच्या मागे असूनही वजनात त्याच्या पुढे जातो. म्हणून "सगळ्यात मोठा कोण" या यादीत लांबी आणि वजन यांचे नंबर वेगवेगळे येतात. ते तसेच यायला हवेत.

हंपबॅक 25 ते 35 टनांचा. उड्या मारणारा म्हणून व्हिडिओंमध्ये सगळ्यात जास्त तोच दिसतो. 30 टनांचं शरीर पाण्याबाहेर फेकायला शेपटीत केवढी ताकद लागत असेल, याचा विचार तो व्हिडिओ बघताना जरूर करावा. ग्रे व्हेल 30 ते 40 टनांच्या घरातला, सेई 20-25 टनांचा, आपल्या कोकण किनाऱ्याला अधूनमधून लागणारा ब्राइड्स व्हेल 12 ते 25 टनांचा आणि मिंकी 5 ते 10 टनांचा. या सगळ्यांना दात नसतात. तोंडात झालरीसारख्या पट्ट्या असतात आणि त्यांतून पाणी गाळून ते कोळंबीसारखे बारीक जीव खातात. या सगळ्यांत मादी नराहून मोठी असते. वजनाचे विक्रम माद्यांच्या नावावर असतात ते त्यामुळेच.

दात असलेल्या देवमाशांत चित्र उलटं आहे. स्पर्म व्हेलचा नर 16 मीटरचा आणि 40-45 टनांचा, मादी 11 मीटरची आणि 15 टनांची. एकाच जातीत तिप्पट फरक! इथे "स्पर्म व्हेलचं वजन" असा एकच आकडा देण्याला अर्थच नाही, नर की मादी ते आधी विचारावं लागतं. जगातल्या सगळ्या प्राण्यांत सगळ्यात मोठा मेंदू याच नराच्या डोक्यात असतो, सुमारे आठ किलोचा. ऑर्का चार ते सहा टनांचा, क्वचित त्याहून बराच मोठा. नारव्हाल आणि बेलुगा एक ते दीड टनाच्या आसपास. कुव्हिएचा चोचवाला देवमासा दोन-तीन टनांचाच, पण जवळजवळ तीन किलोमीटर खोल बुडी मारल्याची नोंद त्याच्या नावावर आहे, इतकी खोल बुडी दुसऱ्या कुठल्याही सस्तन प्राण्याची नोंदलेली नाही. आणि यादीच्या अगदी तळाशी खुजा स्पर्म व्हेल. लांबी अडीच मीटर, वजन दोनशे-अडीचशे किलो. निळ्या देवमाशाचं हृदय आणि हा अख्खा प्राणी वजनाने एकाच पंक्तीत बसतात. 2014 मध्ये कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्याला लागलेल्या निळ्या देवमाशाचं हृदय टोरांटोच्या रॉयल ऑन्टारिओ संग्रहालयाने काढून जतन केलं, ते सुमारे 180 किलोचं होतं.

वर्षभर तेच वजन राहत नाही

माणसाचं वजन दिवाळीनंतर दोन किलोने वाढलं तर आपण काळजी करतो. मोठ्या देवमाशांचं जगणंच वाढण्या-घटण्यावर उभं आहे. बहुतेक मोठे झालरवाले देवमासे उन्हाळ्यात ध्रुवांकडच्या थंड पाण्यात जाऊन खातात आणि हिवाळ्यात उबदार पाण्यात येऊन पिल्लं घालतात. उबदार पाण्यात त्यांना खायला फारसं काही मिळत नाही. महिनोन्महिने अंगावरच्या चरबीवर काढायचे. हंपबॅकचं वजन या काळात एक तृतीयांशापर्यंत उतरू शकतं. एकच हंपबॅक, त्याच वर्षी, 36 टनांचा असू शकतो आणि 24 टनांचाही.

आता ती मार्चची तारीख. दक्षिण गोलार्धात डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा. 20 मार्चला अंटार्क्टिकाचा उन्हाळा नुकताच सरलेला असतो. ती मादी पूर्ण हंगाम क्रिल, म्हणजे तेच कोळंबीसारखे बारीक जीव, खाऊन, प्रवासाला निघण्याच्या तयारीत, वर्षातल्या सगळ्यात भरलेल्या अवस्थेत असणार. तिला सप्टेंबरात कोणी मोजलं असतं तर आकडा कितीतरी खाली आला असता आणि आज विक्रमात तिचं नाव नसतं. पुस्तकात छापलेले 190 किंवा 200 टन हे निळ्या देवमाशाचं वजन म्हणून वाचायचे नसतात. एका मादीने एका दिवशी गाठलेली ती सर्वोच्च पातळी आहे. 100 टन हा मधल्या बांध्याच्या प्राण्याचा आकडा. माझ्या विद्यार्थ्याची दोन्ही पुस्तकं इथे एकमेकांना भेटतात.

शिवाय कुठल्या समुद्रातला निळा, हेही बघायला हवं. अंटार्क्टिकातले सगळ्यात मोठे. आपल्या हिंदी महासागरातले निळे देवमासे आखूड, 24 मीटरच्या आतले, त्यामुळे वजनानेही बरेच कमी, शंभराच्या खालचेच. लक्षद्वीपजवळ पाण्याखाली माइक ठेवून त्यांची गाणी ध्वनिमुद्रित झाली आहेत. 2021 मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं, तेव्हा वर्गात मी नकाशावर लक्षद्वीपला खूण करून दाखवलं होतं की हे आपले. अरबी समुद्रातले हंपबॅक तर त्याहून वेगळे. ते ध्रुवाकडे जातच नाहीत, वर्षभर इथेच राहतात. 1966 मध्ये सोव्हिएत जहाजांनी चोरून त्यांतले 242 मारले. आज ते शंभराच्या आसपासही नसावेत असा अंदाज आहे.

पिल्लाची गोष्ट वेगळी सांगायलाच हवी, कारण वाढण्याचा इतका वेग दुसऱ्या कुठल्याच प्राण्यात नाही. निळ्याचं पिल्लू जन्मतःच सात मीटर लांब आणि अडीच-तीन टनांचं असतं. दिवसाला सुमारे 200 लिटर दूध पितं. त्या दुधात तीस ते पन्नास टक्के स्निग्धांश असतो, जवळजवळ मलईच. पिल्लाचं वजन दिवसाला 90 किलोने वाढतं. तासाला जवळजवळ चार किलो! सहा-सात महिन्यांनी दूध सुटतं तेव्हा ते 16 मीटरचं झालेलं असतं. आणि हे सगळं दूध आईच्या अंगातून येतं, जी या काळात स्वतः जवळपास उपाशी असते. पिल्लाचं वाढलेलं वजन म्हणजे आईचं उतरलेलं वजन.

मग ती भरपाई करते कशी, तर क्रिल खाऊन. निळा देवमासा दिवसाला तीन-चार टन खातो असं बरीच वर्षं छापलं जायचं. 2021 मध्ये नेचर या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने ते बदललं. देवमाशांच्या पाठीवर संवेदक चिकटवून आणि क्रिलचे थवे ध्वनिलहरींनी मोजून हिशोब केला, तेव्हा ईशान्य पॅसिफिकमधला निळा देवमासा खाण्याच्या हंगामात दिवसाला सरासरी 16 टन क्रिल खातो असं निघालं. एकेका घासाला तो केवढं पाणी तोंडात घेतो! घशाखालची घड्या असलेली कातडी फुग्यासारखी फुगते आणि आत जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं पाणी मावतं. मग जीभ दाबून ते झालरीतून बाहेर.

एवढं वजन फक्त पाण्यातच

जमिनीवर आज सगळ्यात जड प्राणी आफ्रिकन हत्ती, मोठा नर सहा टनांचा. वजन घनाने वाढतं, पण पायाच्या हाडाची ताकद त्याच्या जाडीच्या क्षेत्रफळाने, म्हणजे वर्गाने वाढते. लांबी दुप्पट केली की वजन आठपट आणि हाडाची ताकद चौपटच. प्राणी मोठा होत गेला की कधी ना कधी पाय हरतात. पाण्यात हा प्रश्न सुटतो, कारण भार पाणीच पेलतं. पण तोच प्राणी किनाऱ्यावर आला की त्याचं स्वतःचं वजन त्याच्या फुप्फुसांवर बसतं, श्वास घेणं अवघड होतं आणि चरबीच्या जाड थरामुळे अंगातली उष्णता बाहेर जात नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू अडकलं होतं. गावकरी, वनखातं, बचाव पथकं रात्रंदिवस झटली, त्याच्यावर पाणी ओतत राहिली, शेवटी त्याला ओढून समुद्रात नेलं. तरी ते वाचलं नाही. टीव्हीवर ते बघताना "ढकलून का देत नाहीत?" असं अनेकांनी विचारलं. काही टनांचं जिवंत अंग दोरीने ओढायचं तर शेपटीला, कातडीला इजा न करता ओढायचं असतं, आणि तोवर आतल्या अवयवांवर भार पडून बरंच नुकसान झालेलं असतं.

देवमाशांचे पूर्वज जमिनीवर चालणारे होते आणि त्या पूर्वजांचा सगळ्यात जवळचा नातेवाईक आपल्या जम्मू-काश्मीरच्या खडकांत सापडला. इंडोह्यूस त्याचं नाव. मांजराएवढा, हरणासारख्या बारीक पायांचा, पाण्यात उतरणारा. ए. रंगा राव या भारतीय भूशास्त्रज्ञांनी गोळा केलेल्या दगडांत त्याची हाडं होती, त्यांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. कच्छमध्येही जुन्या देवमाशांचे जीवाश्म मिळाले आहेत, त्यातला कच्छिसेटस जेमतेम अडीच मीटरचा. पाच कोटी वर्षांच्या या प्रवासात देवमासे शंभर टनांचे झाले ते अगदी अलीकडे, गेल्या तीसेक लाख वर्षांत. हिमयुगांमुळे समुद्रातले प्रवाह बदलले, खालचं पोषक पाणी ठरावीक जागी, ठरावीक ऋतूत वर येऊ लागलं आणि क्रिलचे दाट थवे तिथे जमू लागले. एका थव्यापासून दुसऱ्या थव्यापर्यंत हजारो किलोमीटर उपाशी जायचं तर अंगावर साठा हवा, आणि साठ्याला मोठं अंग हवं.

डायनोसॉरपेक्षाही जड का, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. विदर्भातल्या मुलांना डायनोसॉर परके नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा आणि डोंगरगावला टायटॅनोसॉरांची, म्हणजे लांब मानेच्या अवाढव्य डायनोसॉरांची, हाडं निघाली आहेत, डोंगरगावच्या इसिसॉरसचं नाव जगभरच्या पुस्तकांत आहे. अर्जेंटिनात सापडलेले सगळ्यात मोठे टायटॅनोसॉर 60 ते 80 टनांचे धरले जातात. निळा त्यांच्याही पुढे. 2023 मध्ये मात्र पेरूच्या वाळवंटातून एक आव्हान आलं. पेरुसेटस नावाचा 3 कोटी 90 लाख वर्षांपूर्वीचा देवमासा. हाती आलेले अवशेष म्हणजे 13 मणके, 4 बरगड्या आणि नितंबाच्या हाडाचा तुकडा. हाडं मात्र कमालीची जड आणि भरीव. त्यावरून वजन 85 ते 340 टन असा अंदाज मांडला गेला, आणि निळ्याचा विक्रम गेला अशा बातम्या झळकल्या. पुढच्याच वर्षी दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तपासलं. सांगाडा जड म्हणून बाकीचं शरीरही त्याच प्रमाणात जड असेल असं नसतं. त्यांचा अंदाज 60 ते 114 टनांवर आला. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये टांगलेला होप नावाचा निळ्याचा 25 मीटरचा सांगाडा अवघा साडेचार टनांचा आहे. हाडांवरून अख्ख्या प्राण्याचं वजन सांगणं किती निसरडं आहे ते यावरून कळतं.

जिवंत देवमाशांच्या बाबतीत आता एक चांगली सोय झाली आहे. 2019 मध्ये फ्रेडरिक ख्रिस्तियान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पाजवळ राइट व्हेलचं वजन ड्रोनने काढलं. तिथलं पाणी स्वच्छ आणि देवमासे पृष्ठभागाजवळ निवांत. वरून फोटो काढला की लांबी आणि रुंदी मिळते, प्राणी कुशीवर वळला की जाडीही मिळते. त्यावरून संगणकात शरीराचा घनाकार उभा करायचा, पूर्वी मारलेल्या राइट व्हेलच्या मोजमापांशी ताडून घनता बसवायची, की वजन. प्राण्याला हातही न लावता. अशाच ड्रोनच्या फोटोंनी दाखवलं की पिल्लाला पाजणाऱ्या राइट व्हेल माता सुमारे तीन महिन्यांत शरीराच्या आकारमानाचा चौथा हिस्सा गमावतात. 2019 पासून उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ग्रे व्हेल मोठ्या संख्येने मरून पडू लागले, तेव्हा मेक्सिकोच्या सॅन इग्नासिओ खाडीत हेच तंत्र वापरलं गेलं. तिथे येणारे देवमासे आधीच्या वर्षांपेक्षा कृश होते आणि सोबत पिल्लू असलेल्या माद्या कमी दिसत होत्या.